४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ की संयुक्त, आणि तिचे वर्गीकरण कसे करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या आपल्या संगणकीय आज्ञावलीने, २ हा पाया घेऊन केलेल्या फर्मा चाचणीच्या (मूळपण तपासण्याच्या एका पद्धतीच्या) आधारे, मूळ संख्या ठरवली, अवयवांच्या तक्त्यात मात्र ती संयुक्त दिसते. यातले खरे काय, आणि इतकी मोठी संख्या समोर आली असता ती कोणत्या प्रकारांत मोडते हे कसे ठरवावे, हे आपल्याला हवे आहे.

तक्ता बरोबर आहे. ही संख्या ६४१ आणि ६७,००,४१७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. आज्ञावलीतही गणिताची चूक झालेली नाही; तिने जी चाचणी लावली ती चाचणी या विशिष्ट संख्येबाबत काहीच सांगू शकत नाही, एवढेच. तसे का होते हे समजले की बाकीचे वर्गीकरण बरेचसे आपोआप उलगडते, म्हणून मी उत्तर त्या क्रमाने देतो.

संख्या सिद्धांत शिकवताना मी वर्षानुवर्षे एक गोष्ट पाहत आलो आहे. मोठी संख्या दिली की विद्यार्थी लगेच अंकांची बेरीज करू लागतात, ३ ने, ७ ने, ११ ने भागून पाहतात. ते चुकीचे नाही, पण त्याआधी संख्येचे रूप ओळखावे. ही संख्या कशातून घडली आहे, कोणत्या घाताच्या शेजारी आहे, हे पाहिले तर पुढची निम्मी मेहनत वाचते. आपल्या संख्येतून १ वजा केला की ४,२९,४९,६७,२९६ उरतात, आणि हा २ चा ३२ वा घात आहे. म्हणजे आपली संख्या २^३२ + १ आहे. यात ३२ हा घातांकसुद्धा २ चाच पाचवा घात आहे, आणि अशा रूपाच्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. शून्यापासून मोजले तर त्यांतील पहिल्या पाच ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या होत, आणि पुढची, म्हणजे पाचव्या क्रमांकाची, ही आपली.

पियरे द फर्मा याने १६४० च्या सुमारास आपल्या पत्रव्यवहारात असा विश्वास व्यक्त केला होता की या रूपाच्या सर्व संख्या मूळ असाव्यात. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. पुढे १७२९ मध्ये गोल्डबाखने हा प्रश्न ऑयलरच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की सहावी संख्या, म्हणजे हीच, ६४१ ने भाग जाणारी आहे. त्यानंतर आजपर्यंत क्रमांक ५ पासून ३२ पर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, आणि ६५,५३७ च्या पुढची एकही मूळ फर्मा संख्या कोणाला सापडलेली नाही.

ऑयलरला ६४१ सापडला तो नशिबाने नव्हे. समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २^३२ ला प ने भागले असता बाकी −१ राहते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि त्याचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ राहते. याचा अर्थ असा की, २ चे घात क्रमाने घेत गेले तर बाकी १ प्रथम येते ती ६४ व्या घाताला, त्याआधी नाही. कारण त्याआधी आली असती तर ती ६४ च्या एखाद्या लहान विभाजकाला, म्हणजे ३२ ला किंवा ३२ च्या विभाजकाला आली असती, आणि मग ३२ व्या घाताची बाकीही १ झाली असती. दुसऱ्या बाजूने, फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ असतेच. म्हणून ६४ ने (प − १) ला निःशेष भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प चे रूप ६४ च्या पटीत १ मिळवल्यासारखे असणार. ल्यूका याने १८७८ मध्ये ही अट आणखी कडक केली: ६४ च्या जागी १२८ घेतले तरी चालते.

या एका अटीचा परिणाम पाहा. २^३२ + १ चे वर्गमूळ ६५,५३६ हून जेमतेम अधिक आहे. तिथपर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास मूळ संख्या आहेत, आणि सरधोपट पद्धतीने त्या सगळ्या तपासाव्या लागल्या असत्या. १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या मात्र १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा विरळ आहेत. यातली १२९ ही ३ × ४३ आहे, ३८५ आणि ५१३ या उघडच संयुक्त आहेत, आणि २५७ ही स्वतःच एक फर्मा संख्या असल्याने ती दुसऱ्या फर्मा संख्येला भागू शकत नाही (याचे कारण पुढे येईल). म्हणजे खऱ्या अर्थाने तपासायची पहिलीच संख्या ६४१ आहे, आणि तिनेच भाग जातो.

भागाकार न करताही ते पटवता येते, आणि ही सिद्धता मला फार आवडते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १, आणि ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ राहते. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. ते ठेवले की −२^३२ ची बाकी १ येते, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळींत काम झाले.

आता दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे हे गृहीत धरून चालत नाही, आणि नेमकी हीच पायरी पुष्कळदा गाळली जाते. त्याचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या दरम्यान आहे. त्याला भागणारी मूळ संख्या आपल्या संख्येलाही भागणार, म्हणून तिचेही रूप १२८ च्या पटीत १ असेच हवे. २,५८८ पर्यंत या रूपाच्या वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. यांनी ६७,००,४१७ ला भागले असता बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ राहतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे. कागदावर हे पाच भागाकार अवश्य करून पाहावेत. पंधरा मिनिटांत एका सात अंकी संख्येचे मूळपण निर्विवाद हाती येते.

अवयव हाती आल्यावर नेहमीचे वर्गीकरण भराभर होते. संख्या विषम आहे, संयुक्त आहे, आणि नेमक्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने ती अर्धमूळ संख्यांत मोडते. दोन्ही अवयव वेगळे असल्याने १ खेरीज कोणत्याही वर्गाने तिला भाग जात नाही. तिचे विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९ येते, जी आपल्या संख्येच्या ६४१ व्या हिश्श्याहून किंचितच अधिक आहे. म्हणून ती परिपूर्णही (बेरीज संख्येइतकीच असलेली) नाही आणि विपुलही (बेरीज जास्त असलेली) नाही. ती न्यून संख्या आहे, आणि तीही टोकाची न्यून. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४० आहेत, अर्थात शेकडा ९९.८४. ६४० आणि ६७,००,४१६ यांचा लसावि ३,३५,०२,०८० आहे, आणि संख्येशी सहमूळ असलेली कोणतीही संख्या घेऊन तिचा इतकावा घात केला तर बाकी १ राहते. हा शेवटचा आकडा पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवावा, कारण त्यात ५ हा अवयव आहे.

आता आपल्या चाचणीकडे येतो. फर्मा चाचणी असे सांगते की न ही मूळ संख्या असेल तर २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागून १ उरतो. उलट दिशेने मात्र हे विधान खात्रीचे नाही: १ उरला म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ज्या संयुक्त संख्या एखाद्या पायासाठी ही चाचणी पार करतात त्यांना त्या पायाच्या आभासी मूळ संख्या म्हणतात. आपल्या संख्येत न − १ म्हणजे २^३२, आणि तो ६४ च्या पटीत आहे. २^६४ ची बाकी १ आहे हे आपण वर पाहिले. म्हणून त्या पटीतल्या प्रत्येक घाताची बाकी १ येणारच. म्हणजे ही संख्या मूळ असती तरी चाचणी पार करती आणि संयुक्त असूनही पार करते. हीच गोष्ट प्रत्येक फर्मा संख्येला लागू पडते. जी संख्या दोनाच्या घातातूनच घडली आहे तिच्याबद्दल दोनाची साक्ष काढून काही निष्पन्न होत नाही.

याहून कडक समजली जाणारी मिलर–राबिन चाचणीसुद्धा पाया २ असेल तर इथे फसते. त्या चाचणीत न − १ मधून २ चे सर्व घात बाजूला काढतात आणि उरलेल्या विषम भागापासून वर्ग करत जातात. इथे विषम भाग १ आहे. म्हणून आपण २ पासून सुरू करतो: २, ४, १६, २५६, ६५,५३६, आणि पाचव्या वर्गाला २^३२, ज्याची बाकी −१. चाचणीला −१ दिसला की ती संख्येला मूळ असल्याचा संशयलाभ देते. म्हणून आपली संख्या पाया २ ची प्रबळ आभासी मूळ संख्यासुद्धा आहे. पाया ४, ८, १६ घेतले तरी निकाल बदलत नाही, कारण ते २ चेच घात आहेत.

पाया ३ घेतला की चित्र पालटते. ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग केले आणि प्रत्येक वेळी न ने भागून बाकी घेतली, तर शेवटी ३,०२,९०,२६,१६० ही बाकी येते. ती १ नाही, म्हणून संख्या संयुक्त, आणि यात संशयाला जागा नाही. एवढे मोठे गुणाकार हाताने करायचे नसतील तर फक्त ६४१ ने भागून येणाऱ्या बाक्या पाहाव्यात. ३ चा आठवा घात ६,५६१, त्याची बाकी १५१, सोळाव्याची ३६६, बत्तिसाव्याची ६२८, म्हणजेच −१३, चौसष्टाव्याची १६९, आणि १२८ व्याची ३५७. आता वर्ग करत करत कधीतरी १ यायचा असेल, तर ज्या घाताला ३ ची बाकी प्रथम १ होते तो घात २ चाच एखादा घात असला पाहिजे. शिवाय त्याने ६४० ला भागले पाहिजे, आणि ६४० म्हणजे १२८ × ५. म्हणजे तो १२८ किंवा त्याचा विभाजक असता, आणि १२८ व्या घाताची बाकी १ आली असती. ती ३५७ आहे. म्हणून कितीही वेळा वर्ग केले तरी १ कधीच येणार नाही. मघाचा ५ हा अवयव आडवा येतो तो इथे.

फर्मा संख्यांसाठी पाया ३ चेच महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पेपाँ याने १८७७ मध्ये अशी कसोटी दिली की ३ नंतरची कोणतीही फर्मा संख्या न मूळ असते ती तेव्हाच, जेव्हा ३ च्या (न − १)/२ व्या घाताची बाकी −१ येते. ही कसोटी दोन्ही दिशांनी पक्की आहे, आणि मोठ्या फर्मा संख्यांचे अवयव हाती नसतानाही त्या संयुक्त आहेत हे बऱ्याचदा तिच्याच साहाय्याने ठरवले गेले. ओघात आलेच म्हणून सांगतो: आपली संख्या कारमायकेल संख्या, म्हणजे प्रत्येक सहमूळ पायाला चकवणारी संख्या, नाही. अशा संख्येला किमान तीन वेगवेगळे मूळ अवयव लागतात, आणि इथे दोनच आहेत.

आता मला सर्वांत समृद्ध वाटणारा भाग, दोन वर्गांची बेरीज. आपली संख्या ६५,५३६² + १² आहे हे तिच्या रूपावरूनच दिसते. पण ६४१ आणि ६७,००,४१७ या दोहोंना ४ ने भागले असता बाकी १ राहते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते: ६४१ = २५² + ४², आणि ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन तऱ्हेने मिळतो, हे ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे नित्यसमीकरण सांगते. एका तऱ्हेने २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६३,९०० + १,६३६ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २,५५६ = १०,२२५ − १०,२२४ = १, म्हणजे आपली ओळखीची मांडणी. दुसऱ्या तऱ्हेने ६३,९०० − १,६३६ = ६२,२६४ आणि १०,२२५ + १०,२२४ = २०,४४९. म्हणून ४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४² + २०,४४९². योगायोगाने २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, त्यामुळे ही संख्या एक वर्ग आणि एक चतुर्थ घात यांची बेरीज म्हणून १ व्यतिरिक्त १४३ घेऊनही लिहिता येते.

हे केवळ नवल म्हणून सांगत नाही. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन निरनिराळ्या प्रकारे मांडता येत नाही. म्हणून दुसरी मांडणी सापडणे हाच संयुक्तपणाचा पुरावा आहे, आणि तिच्यातून अवयवही काढता येतात. ६५,५३६ आणि ६२,२६४ यांची वजाबाकी ३,२७२; २०,४४९ आणि १ यांची वजाबाकी २०,४४८; या दोहोंचा मसावि ८. त्याच जोड्यांच्या बेरजा १,२७,८०० आणि २०,४५०. त्यांचा मसावि ५०. ८ आणि ५० यांची निम्मी म्हणजे ४ आणि २५, आणि ४² + २५² = ६४१. एकही भागाकार न करता अवयव समोर येतो. ही पद्धतही ऑयलरच्याच नावाने ओळखली जाते.

वर्गीकरणाच्या याद्यांत आणखी बरेच गुणधर्म आढळतात, पण त्यांत एक भेद ठेवावा असे माझे ठाम मत आहे: संख्येचे गुणधर्म वेगळे आणि तिच्या लेखनाचे गुणधर्म वेगळे. अंकांची बेरीज ५९ आहे. ५९ ने संख्येला भाग जात नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज ४१७ येते आणि तीच क्रिया पुढे चालवली तर ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९ असे फिरत राहावे लागते, १ कधी येत नाही. हे सगळे दशमान पद्धतीचे गुणधर्म आहेत, पाया बदलला की बदलतात. द्विमान पद्धतीत हीच संख्या १, मग एकतीस शून्ये, आणि शेवटी १ अशी ३३ अंकी आणि उलटसुलट सारखीच वाचली जाणारी दिसते. दशमानात तसे नाही. तरीही शेवटच्या अंकाचा उपयोग होतो. ७ ने संपणारी संख्या पूर्ण वर्ग नसते, म्हणून ही वर्गसंख्या नाही. तिच्या आठपटीत १ मिळवला तर शेवटी पुन्हा ७ येतो, म्हणजे तोही वर्ग नाही, आणि म्हणून ही त्रिकोणी संख्याही (१ + २ + ३ + … अशा बेरजेतून येणारी) नाही.

२५७ ही आपल्या संख्येला का भागू शकत नाही, याचे कारण पुढे येईल असे मी म्हणालो होतो. आपल्या संख्येतून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५ येतात, आणि ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ आहे, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. म्हणून त्यांपैकी कोणतीही आपल्या संख्येला भागली तर ती २ लाही भागली पाहिजे, जे अशक्य आहे. यातून भूमितीचा एक सुंदर निष्कर्ष निघतो. गाउसने १७९६ मध्ये सुसम सतरा-भुज कंपास व पट्टीने काढता येतो हे दाखवले, आणि १८३७ मध्ये वान्झेलच्या सिद्धतेने निकष पूर्ण झाला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंच्या अशा ज्ञात बहुभुजांत तो सर्वांत मोठा आहे. त्याच्याहून फक्त दोन बाजू जास्त असलेला आपल्या संख्येचा बहुभुज मात्र काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही.

आज्ञावलीबद्दल दोन सूचना. पहिली, पाया २ सोबत ३, ५, ७ आणि ११ हे पायेही घ्यावेत. २^३२ च्या आसपासच्या संख्यांसाठी मिलर–राबिन चाचणी या पाच पायांनी केली तर निकाल पक्का असतो. दुसरी, संख्येचा आकार सांभाळावा. ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी चिन्हविरहित संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे, म्हणून आपली संख्या त्या जागेत ठेवली तर तिथे फक्त १ उरतो. ६४ बिटांची जागा घेतली तरी वर्ग करताना एक अडचण येते: बाकी जास्तीत जास्त २^३२ असू शकते, तिचा वर्ग २^६४, आणि तो ६४ बिटांच्या मर्यादेबाहेर बरोबर एकाने जातो, म्हणून तिथे शून्य साठवला जातो. पाया २ च्या चाचणीत सहाव्या वर्गाला नेमकी हीच स्थिती येते. आपल्याला उत्तर १ मिळाले, याचा अर्थ आपली आज्ञावली याहून मोठ्या जागेत गुणाकार करते आहे. ती सोय तशीच ठेवावी आणि फक्त पाये वाढवावेत.